भिंतीपासून चार पावलं

नव्वदनंतरचा कुठलाही घरगुती अल्बम उघडा. साखरपुडा, बारसं, सत्यनारायण, पहिला वाढदिवस. प्रसंग बदलतात, माणसं जाड-बारीक होतात, पण प्रत्येकाच्या पाठीमागे भिंतीवर काळ्या पेन्सिलीने गिरवल्यासारखी एक कड कायम असते. कॅमेऱ्याच्या अंगातच फ्लॅश बसवायला लागले तेव्हापासूनची ही कड. जपानच्या कोनिका कंपनीने १९७५मध्ये सी-३५ ईएफ हा फ्लॅशसकटचा छोटा कॅमेरा आणला आणि त्यानंतर ही सोय जगभर पसरली. आपल्याकडे ती याशिका आणि कोडॅकच्या स्वस्त कॅमेऱ्यांतून घराघरांत आली. घरात कॅमेरा असणं म्हणजे आता उजेडाची फिकीर नाही, असा समज तेव्हाच झाला, तो अजून गेलेला नाही.

नगरला सावेडीतल्या एका घरी अशाच एका साखरपुड्याचे फोटो लॅपटॉपवर बघणं चाललं होतं. (जिल्ह्याचं नाव २०२४मध्ये अहिल्यानगर झालं, बोलण्यात अजून नगरच येतं, म्हणून इथंही तसंच.) वाद घालणारे दोघं. मामांचा शहरात स्टुडिओ होता. शेवगावपासून श्रीगोंद्यापर्यंतची लग्नं त्यांनी रोलच्या जमान्यात काढली. भाची अकोले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि शाळेचा कॅमेरा तिच्याच कपाटात असतो. फोटो कुणा चुलतभावाने हौसेने काढले होते. मी नुसता ऐकायला होतो, पण गप्प बसणं जमलं नाही.

भाची : मामा, हे बघा. नवरी छान, शालू छान, आणि मागे भिंतीवर दुसरी काळी नवरी. मी तेव्हाच म्हणत होते, तो फ्लॅश मिटवा. कुणी ऐकलं नाही.

मामा : मिटवून काय मिळालं असतं? संध्याकाळचे सात, हॉलमध्ये एक ट्यूब आणि झुंबराचे पिवळे बल्ब. निम्मे चेहरे हललेले आले असते. फ्लॅशवर कशाला राग काढतेस? नवरीला भिंतीला चिकटवून कुणी बसवलं ते विचार.

भाची : सोफा तिथेच असतो. घर आहे ते, तुमचा स्टुडिओ नाही.

मामा : म्हणूनच सावली पडली. आता हिशेब बघ. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा हा फ्लॅश लेन्सच्या वर चार बोटं, म्हणजे तीन इंच धर. नवरी कॅमेऱ्यापासून सहा फुटांवर, भिंत तिच्यामागे एक फूट. फ्लॅश वरून बघतो, लेन्स खालून बघते, त्यामुळे सावली बरोबर तिच्या आड लपत नाही, अर्धा इंच खाली डोकावते. तीच तुझी काळी कड. शिवाय फ्लॅशची काच इंच-सव्वा इंच रुंद. एवढ्याशा ठिकाणाहून उजेड आला आणि भिंत इतकी जवळ असली, की सावलीची कडा विरघळायला जागाच मिळत नाही. ती धारदार राहते.

भाची : आणि भिंत लांब असती तर?

मामा : तीच नवरी भिंतीपासून सहा फूट पुढे आणली असती, म्हणजे कॅमेऱ्यापासून भिंत बारा फूट. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. नवरीवर रुपयाभर उजेड पडला तर भिंतीवर चार आणे. भिंत आपोआप मंद. सावली तीन इंच सरकली, कडा इंचभर पसरल्या, आणि ती पडलेली भिंतच अंधुक, त्यामुळे नजरेला टोचत नाही. यात कॅमेऱ्याचं एक बटण दाबलेलं नाही. माणूस चार पावलं पुढे आला, इतकंच.

भाची : पण मग मागचं घर काळोखात जातं. नवरी जणू रात्री माळावर उभी आहे. तोरण, देव्हारा, आजोबांचा फोटो, काहीच दिसत नाही. घरातला समारंभ घरात झालेला दिसायला नको?

हा मुद्दा तिने बरोबर पकडला होता. नुसत्या फ्लॅशवर काढलेल्या फोटोत उजेडाचा एक कप्पा तयार होतो आणि त्याच्या पलीकडे सगळं संपतं. मामा क्षणभर थांबले, मग स्टुडिओतल्या पोराला शिकवावं तशा सुरात बोलू लागले.

मामा : त्याला उपाय आहे. कॅमेरा ऑटोवर ठेवलास की तो शटर सेकंदाच्या साठाव्या भागाच्या खाली सहसा जाऊ देत नाही. खोलीतला उजेड आत यायला वेळच मिळत नाही, सगळं काम फ्लॅश करतो. आयएसओ ८०० कर, शटर तिसाव्या किंवा पंधराव्या भागावर आण. बऱ्याच कॅमेऱ्यांत यालाच स्लो सिंक म्हणतात. आता ट्यूब आणि झुंबर दोन्ही कामाला लागतात. खोलीतला उजेड चहूकडून येतो, तो फ्लॅशच्या सावलीत शिरून तिला पातळ करतो. आणि फ्लॅशचा जोर उणे एकवर घे. फ्लॅश तेवढा चेहरा धरून ठेवतो.

भाची : तिसाव्या भागाला हात हलतो.

मामा : कोपरं पोटाला लाव, खांदा दाराच्या चौकटीला टेकव. औक्षणाच्या फोटोला तर हे केल्याशिवाय चालतच नाही. पूर्ण जोराचा फ्लॅश मारलास की तबकातल्या निरांजनांची ज्योत मरते. नुसता पितळेचा चकाकता तुकडा उरतो.

भाची : बघा, तुम्हीच म्हणताय की फ्लॅश ज्योत मारतो. माझं तेच म्हणणं आहे, दुसऱ्या कारणाने. समोरून आलेला उजेड चेहराही मारतो. नाक चपटं, गाल सपाट, कपाळावर तेलकट डाग. डोळे लाल होतात, कारण फ्लॅश लेन्सच्या इतका जवळ असतो की बुबुळातून आत गेलेला उजेड सरळ परत येतो. सावली हा त्यातला एक दोष झाला. आणि फ्लॅश चमकला की माणसं सावध होतात. आमच्या शाळेतली पोरं तर पहिल्या चमकीनंतर पुतळे होतात.

मामा : मग तू काय करतेस?

भाची : व्हरांडा. पोराला व्हरांड्याच्या कडेला उभं करायचं, तोंड अंगणाकडे. वर छप्पर असल्याने ऊन अंगावर नाही, समोर मोकळं आभाळ असल्याने उजेड भरपूर. भिंत पाच-सहा फूट मागे राहते. ओळखपत्रांचे, शिष्यवृत्तीच्या अर्जांचे सगळे फोटो मी असेच काढते. फ्लॅश उघडत नाही, सावली पडत नाही.

मामा : आणि जुलैत?

इथे भाची अडखळली, आणि त्याचं कारण जिल्ह्याच्या नकाशात आहे. नगर जिल्ह्याची दोन टोकं एका आभाळाखाली आहेत असं वाटतच नाही. पूर्वेला पाथर्डी-शेवगावकडे पावसाळ्यातही ऊन डोळ्यांवर येतं. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात, भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या पट्ट्यात जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस पडतो आणि आषाढात भर दुपारी वर्गात दिवा लावावा लागतो. व्हरांड्याचा उजेड ही पाथर्डीची बारमाही सोय आहे, घाटघरची नाही.

भाची : जुलैत आयएसओ वाढवते. दाणे येतात फोटोवर, पण सावलीपेक्षा दाणे बरे.

मामा : ओळखपत्रावर चालतील. पासपोर्टच्या फोटोला चालतील का? तिथे पार्श्वभूमी पांढरी लागते, चेहऱ्यावर सावली नको, मागच्या भिंतीवरही नको. स्टुडिओत सावलीमुळे परत आलेले फोटो घेऊन माणसं यायची. घरी पांढऱ्या भिंतीला पाठ टेकवून, फ्लॅश मारून काढलेले. भिंत पांढरी असली की सावली सर्वांत जास्त उठून दिसते, हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

भाची : आता ॲप आहेत मामा. मागची भिंत पुसायची, पांढरी टाकायची. दोन मिनिटांचं काम.

मामा : कानाच्या कडा बघ त्या फोटोत, कुरतडलेल्या असतात. आणि अधिकृत कागदाला संगणकावर फेरफार केलेला फोटो चालत नाही. जे काढतानाच टाळता येतं ते नंतर पुसत का बसायचं? पांढरी चादर दोरीवर टांग, पोराला तिच्यापुढे पाच फूट उभं कर. खिडकीचा उजेड चादरीवर पडू दे, फ्लॅश पोरावर. दोघांनी आपापलं काम केलं की झालं.

मी मध्येच विचारलं, की छताला उजेड मारून खाली आणायची युक्ती सगळे सांगतात, तिचं काय? मामा हसले.

मामा : ती युक्ती सांगणाऱ्यांनी आपली लग्नं पाहिलेली नाहीत. मोठा फ्लॅश मान वर करतो. हा अंगातला फ्लॅश मान वर करत नाही. त्याच्यापुढे तिरका पांढरा कागद धरावा लागतो. मी लग्नपत्रिकेची कोरी बाजू धरायचो. त्यात बराचसा उजेड वाया जातो, उरलेला छतापर्यंत जाऊन परत येईतो थकतो. तरी या फ्लॅटमध्ये चालेल, नऊ-दहा फुटांवर पांढरा स्लॅब आहे. जुन्या वाड्यात? वर काळ्या तुळया, उजेड पिऊन टाकतात. मंगल कार्यालयात पत्र्याचं छत पंचवीस फुटांवर. मांडवात लाल-पिवळी कनात, उजेड तिचाच रंग घेऊन खाली येतो आणि सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं. आणि लॉन्सवर तर वर आभाळ. आभाळाला आपटून काय परत येणार?

भाची : बटर पेपर? आमच्याकडे सगळे फ्लॅशवर बटर पेपर चिकटवतात.

मामा : चिकटवून फायदा थोडाच. उजेड कमी होतो, म्हणून चेहरा जरा कमी जळतो. लोकांना वाटतं सावली मऊ झाली. सावली मऊ होते ती उजेडाची जागा मोठी झाली तर. कागद फ्लॅशला टेकवलास तर जागा तेवढीच राहिली, इंच-सव्वा इंच. तो दोन-तीन इंच पुढे धर, म्हणजे उजेड पसरून मग कागदावर पडेल आणि कागदच दिवा होईल. आम्ही रोलची पांढरी डबी उभी कापून फ्लॅशवर चढवायचो. तीन-चार फुटांच्या आत फरक दिसतो, त्यापुढे नाही.

भाची : बरं, माणसं हलवा म्हणता. आजींना कसं हलवू? पंच्याऐंशीच्या आहेत, पलंग भिंतीला लावलेला. घरातल्या प्रत्येक कार्यात त्यांचा फोटो लागतो आणि प्रत्येकात मागे काळी कड असते.

मामा : मग तू हल. सहा फुटांवरून काढतेस ते बारा फुटांवर जा आणि झूम कर. आजीमागे भिंत फूटभरच आहे, पण आता ती अर्ध्या इंचाची कड पाव इंचावर येते. जितकं लांबून काढशील तितकी सावली आजीच्या आड लपते.

भाची : एवढ्या लांब फ्लॅश पोहोचतो?

मामा : हा नेहमीचा प्रश्न. छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १००ला साधारण बारा मीटर. त्याला भिंगाच्या आकड्याने भागायचं. एफ ४ असेल तर तीन मीटर, म्हणजे दहा फूट. आयएसओ ४०० केलास की पल्ला दुप्पट, वीस फूट. आजी आल्या त्यात. पण गॅदरिंगला शेवटच्या रांगेतून स्टेजवर फ्लॅश मारणारे पालक बघतेस ना? त्यांच्या फोटोत पुढच्या दोन रांगांची टकलं उजळतात, नाच अंधारात होतो.

भाची : आणि फोटो उभा काढायचा असेल तर? आजींचा मला उभा लागतो, फ्रेम करायला.

मामा : तिथेच बहुतेकांचा घात होतो. कॅमेरा उभा धरला की फ्लॅश डोक्यावरून कानाशी येतो. मग सावली खाली पडत नाही, बाजूला पडते. खाली पडली तर निम्मी खांद्यामागे जाते. बाजूची सगळी दिसते. म्हणून आडवाच काढ आणि नंतर उभा काप. आजच्या कॅमेऱ्यात एवढे पिक्सेल आहेत की दोन्ही बाजू कापल्या तरी भिंतीवर लावण्याइतका फोटो निघतो. उभाच काढायचा हट्ट असेल तर आजी ज्या बाजूला बघताहेत त्या बाजूला फ्लॅश येईल असा कॅमेरा फिरव. सावली डोक्याच्या मागे जाते. अंबाड्याच्या बाजूची सावली खपते, नाकासमोरची खपत नाही.

आजींच्या पलंगामागे ऑइल पेंटची भिंत आहे हेही इथे सांगायला हवं, कारण अशा भिंतीवर सावलीच्या जोडीला दुसरी पीडा येते. गुळगुळीत रंग, लोखंडी कपाट, काचेच्या फ्रेममधले पूर्वज, सगळे फ्लॅशचा गोळा परत फेकतात. त्यावर दोघांचं एकमत निघालं: समोरून काढू नये, अर्धं पाऊल बाजूला सरकून तिरकं काढावं. एकमत झालेला हा एकच मुद्दा, म्हणून पुढे सरकतो.

भाची : मामा, तुम्ही हरत नाही म्हणून मीच विचारते. फ्लॅश सावली पाडतो हे तर मान्य?

मामा : अर्धं मान्य. फ्लॅश सावली पुसतोही. वैशाखातलं बारा पस्तीसचं लग्न डोळ्यांपुढे आण. मुहूर्त टळला, मंडळी उन्हात बाहेर आली. पाव्हण्यांच्या डोक्यावर टोपी, नवरदेवाला फेटा, बायकांचा पदर कपाळापर्यंत. सूर्य डोक्यावर. प्रत्येकाचे डोळे कवटीसारखे काळे, नाकाची सावली ओठांवर. त्या वेळी फ्लॅश उघडायचा. लोक हसायचे मला, भर उन्हात दिवा लावतोय म्हणून. अल्बम हातात पडला की हसणं बंद व्हायचं.

भाची : उन्हापुढे त्या काजव्याचा काय पाड लागणार?

मामा : लांबून नाही लागत, बरोबर. आयएसओ १००, एफ १६, शटर सव्वाशेवा भाग, हे उन्हाचं ठरलेलं गणित. बाराला सोळाने भाग, पाऊण मीटर. उन्हाच्या तोडीचा उजेड अडीच फुटांपर्यंतच. पण आपल्याला ऊन हरवायचं नाही, टोपीखालची सावली थोडी उजळायची आहे. पाव जोर पुरतो, म्हणजे पाच फुटांपर्यंत चाललं. दोघा-तिघांचा जवळून फोटो होतो. पन्नास जणांचा ग्रुप असेल तर फ्लॅशचा नाद सोड आणि सगळ्यांना उन्हाकडे पाठ करून उभं कर.

भाची : किंवा कडुनिंबाखाली.

मामा : नको! विरळ पानांतून कवडसे पडतात. एकाच्या गालावर, दुसऱ्याच्या टकलावर. ते कवडसे हा एवढासा फ्लॅश पुसू शकत नाही. झाड निवडायचं तर दाट निवड, नाहीतर इमारतीची सावली बघ.

आणखी एका सावलीचा उल्लेख मामांनी जाता जाता केला. फोटोच्या तळाशी मधोमध काळा अर्धगोल येतो आणि लोक कॅमेरा बिघडला म्हणून दुकानात नेतात. तो लेन्सच्याच नळकांड्याचा असतो. फ्लॅश बुटका, लेन्स लांब, तोंडावर हूड चढवलेला; उजेड वाटेतच अडतो. हूड काढावा, एकदम रुंद कोनातून काढू नये, दोन पावलं मागे यावं. एवढ्यावर तो विषय मिटतो.

पुढचा डाव मात्र भाचीचा होता.

भाची : आता माझं ऐका. आपल्या किल्ल्याजवळची दमडी मशीद. १५६७ची. दगडावर केवढं बारीक काम आहे. तुम्ही समोर उभं राहून फ्लॅश मारलात तर काय येईल?

मामा : सपाट दगड.

भाची : का? नक्षी दिसते ती सावलीमुळे. प्रत्येक पाकळीच्या कडेला एक बारीक काळी रेघ असते म्हणून पाकळी उठते. समोरचा फ्लॅश ती रेघच पुसतो. कललेल्या उन्हात जा, उजेड भिंतीला घासून जातो आणि सगळा दगड जागा होतो. रतनवाडीच्या अमृतेश्वराला मी मुलांना घेऊन जाते. आत अंधार, सगळ्यांच्या हातात मोबाइल, चमक-चमक. कुणाच्याही फोटोत खांबावरची एक मूर्ती धड येत नाही. मी दारातून येणारा उजेड धरते, कॅमेरा दगडी ओट्यावर ठेवते, दोन सेकंद शटर उघडं. सगळं येतं.

मामा : दगड हलत नाही म्हणून जमतं. नवरदेव दोन सेकंद थांबेल का?

भाची : नाही थांबणार. पण तुम्ही सगळीकडे फ्लॅश नेता. मे संपता संपता भंडारदऱ्याला काजवे बघायला गर्दी होते. हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं लुकलुकत असतात. तो लुकलुकाट म्हणजे त्यांचं जोडीदाराला बोलावणं. त्यात लोक फ्लॅश मारतात. फोटोत काजवा येतच नाही, जवळची चार पानं पांढरी येतात. आणि तिकडे किड्यांचं बोलणं तुटतं. अभयारण्यात अशा वेळी फ्लॅश आणि बॅटरी नकोच.

मामांनी यावर वाद घातला नाही. घालण्यासारखा नव्हताच. मला मात्र वाटतं, की दगडाचा आणि काजव्यांचा दाखला देऊन भाची साखरपुड्याचा वाद जिंकू बघत होती, आणि ते काही बरोबर नव्हे. गोरज मुहूर्ताला उजेड मिनिटामिनिटाने उतरतो, अंतरपाट निघतो, अक्षता उडतात, आणि तो क्षण कुणाच्या खिडकीची वाट बघत नाही. त्या वेळी हाताशी जो उजेड आहे तो वापरता आला पाहिजे.

मामा : तुझा मोबाइल तरी काय करतो गं? त्यालाही फ्लॅश आहेच.

भाची : त्यात कड कमी दिसते मात्र.

मामा : कारण त्याचा दिवा लेन्सला अगदी खेटून आहे, इंचभरही अंतर नाही. तुझ्या तीन इंचांच्या जागी अर्धा इंच घाल, सावलीही तेवढीच आक्रसते. पण तो दिवा अशक्त आहे, सहा-सात फुटांपुढे नुसता धूसर उजेड. आणि लेन्सला खेटून असल्याने चेहरा अजूनच सपाट. सावली गेली म्हणजे फोटो चांगला झाला असं समजू नकोस.

भाची : गंमत सांगू? पुण्याला कॉलेजात असलेली आपली पोरगी मुद्दाम जुना डिजिटल कॅमेरा शोधून आणते. तिच्या वयाच्या पोरांना तोच भगभगीत फ्लॅश हवाय, भिंतीवर काळी सावलीसुद्धा हवी आहे. जुन्या पार्ट्यांसारखं दिसतं म्हणे.

मामा : हवी म्हणून पाडली तर पाडू दे. मला राग येतो तो न बघता पडलेल्या सावलीचा.

मला मामांचं हे वाक्य पटलं, पण त्यांच्या एका गोष्टीशी मी सहमत नाही. ‘माणसं हलवा’ हे त्यांना सोपं होतं. स्टुडिओवाला म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं. ‘पाव्हणं, जरा पुढं या’ म्हटलं की पाटील मंडळीही मुकाट पुढे यायची. घरातल्या हौशी चुलतभावाचं कोण ऐकतं? त्याला फोटो मिळतो तो घाईत. म्हणून हलवायचं ते आधी हलवावं, पाहुणे यायच्या आधी. सोफा ओढून घ्यावा. मागे पडदा असेल तर गडद किंवा चुणीदार असावा, कारण अशा कापडावर सावली पडली तरी हरवते, पांढऱ्या चुन्यावर ती ओरडते. ग्रुपसाठी माणसं दोन रांगांत जवळजवळ उभी करून फोटो काढणाऱ्याने स्टुलावर चढावं. फ्लॅश उंचावरून आला की पुढच्यांच्या सावल्या मागच्यांच्या चेहऱ्यांऐवजी छातीवर पडतात. या तयारीला पैसे लागत नाहीत, यजमानांचं थोडं लक्ष लागतं.

आणि एक गोष्ट यजमानांच्याही हातात नाही. नगर-मनमाड रस्त्यापासून तालुक्यांच्या गावांपर्यंत जी नवी लॉन्स उभी राहिली आहेत, तिथल्या स्टेजवर वधूवरांच्या खुर्च्या मागच्या सजावटीला टेकवून मांडलेल्या असतात. समोर पायऱ्या, फुलांच्या कमानी, सेल्फीला मोकळी जागा, सगळं असतं; पाठीमागे वीतभर जागा नसते. मग हजार रुपयांचा फोटोवाला आणा नाहीतर लाखाचा, घरच्या कॅमेऱ्याने काढा नाहीतर मोबाइलने, सजावटीवर दोन डोक्यांच्या सावल्या येणारच. लॉन्सच्या आणि मंगल कार्यालयांच्या मालकांना विनंती आहे: पुढच्या हंगामाआधी स्टेजची खोली वाढवता आली तर वाढवा, नाहीतर निदान खुर्च्या सजावटीपासून पाच फूट पुढे मांडायला तुमच्या माणसांना सांगा.